तिकीट मागावं की संघटनेत राहावं?

सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात केलेल्या कार्यकर्त्यापुढे सात-आठ वर्षांनी एक वळण येतं. नगरपरिषदेची नाहीतर जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर असते, मित्र म्हणतात उभा राहा, आणि नेमके त्याच आठवड्यात जिल्हाध्यक्ष बोलावून विचारतात, तालुक्याचं सरचिटणीसपद घेतोस का. दोन्ही एका वेळी नीट होत नाहीत. होतील असं प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटलं होतं. मी पाच वर्षं नगरपरिषदेत निवडून आलेला सदस्य होतो आणि २०१६ पासून संघटनेत आहे. हाच प्रश्न अलीकडे तीन-चार तरुण मुलांनी विचारला. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे एकत्र मांडतो.

आपला वॉर्ड सुधारावा एवढीच ज्याची इच्छा आहे त्याने खुशाल निवडणूक लढवावी, त्याला या तुलनेची गरज नाही. ज्याला कधीतरी राष्ट्रीय पक्षाच्या वरच्या फळीत बसायचंय, देशाच्या पातळीवर पक्षाची दिशा ठरवणाऱ्या माणसांत जायचंय, त्याच्यासाठी मी हे लिहितोय. अशी इच्छा बोलून दाखवायला आपल्याकडची पोरं संकोचतात. संकोचू नका. ती मनात असेल तर पहिल्या दहा वर्षांत काय निवडता याला फार अर्थ आहे.

वर पोचलेल्यांकडे पाहिलं तर दोन्ही वाटांनी आलेली माणसं दिसतात. शरद पवार १९६७ मध्ये बारामतीतून आमदार झाले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले, आणि १९९९ मध्ये वेगळा पक्ष काढला तेव्हा पाठीशी तीस वर्षांहून जास्त काळ निवडून येण्याची पुण्याई होती. मल्लिकार्जुन खर्गे १९७२ पासून २०१४ पर्यंत एकही निवडणूक हरले नाहीत. २०१९ मध्ये गुलबर्ग्यात पहिल्यांदा हरले आणि तीन वर्षांनी, ऐंशी पूर्ण झाल्यावर, काँग्रेसचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या बाजूला लालकृष्ण अडवाणी १९८६ मध्ये भाजपचे अध्यक्ष झाले, पण लोकसभेवर पहिल्यांदा निवडून आले ते १९८९ मध्ये. नितीन गडकरी डिसेंबर २००९ मध्ये राष्ट्रीय अध्यक्ष झाले तेव्हा ते विधान परिषदेवर होते, नागपूरच्या पदवीधर मतदारसंघातून. लोकसभेची पायरी त्यांनी २०१४ मध्ये चढली. प्रकाश करात २००५ ते २०१५ माकपचे सरचिटणीस होते आणि लोकसभेच्या रिंगणात कधी उतरलेच नाहीत.

मला यात सगळ्यांत जवळचे वाटतात ते कांशीराम. पुण्यातल्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेतली सरकारी नोकरी त्यांनी सोडली. १९७८ मध्ये बामसेफ, १९८१ मध्ये डीएस-फोर, आणि मग १४ एप्रिल १९८४ ला बहुजन समाज पक्ष, असा त्यांचा क्रम. आधी सरकारी कर्मचारी जोडले, मग रस्त्यावरची चळवळ उभी केली, पक्ष काढला तो शेवटी. स्वतः लोकसभेत पोचले ते १९९१ मध्ये इटाव्यातून, म्हणजे पक्षाला सात वर्षं झाल्यावर. एवढा धीर माझ्याकडे नाही, पण दिशा कळायला हे उदाहरण मला फार उपयोगी पडलं.

आता दोन्ही वाटांनी मला काय दिलं ते सांगतो.

निवडून आल्यावर तुम्हाला प्रशासन कळतं, आणि ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतकं कळत नाही. अर्थसंकल्पातला कुठला आकडा खरा आणि कुठला कागदापुरता, स्थायी समितीत विषय कुठल्या क्रमाने घ्यायचा, मुख्याधिकारी "बघतो" म्हणाले म्हणजे काय समजायचं, निविदेतली कुठली अट कुणासाठी घातलेली आहे, हे सगळं मी त्या पाच वर्षांत शिकलो. लोकही तुम्हाला नावाने ओळखायला लागतात. पहाटे पाणी आलं नाही म्हणून फोन करणारी आजी तुम्हाला जे राजकारण शिकवते ते कुठल्या शिबिरात मिळत नाही. ज्यांना पुढे मंत्री व्हायचंय त्यांना हा अनुभव टाळून चालणार नाही, असं मी आजही म्हणतो.

संघटनेत तुम्हाला नकाशा कळतो. वॉर्डाबाहेरची माणसं भेटतात. कुठल्या गावात पक्षाचे दोन गट आहेत, ते एकमेकांच्या मांडवात का जात नाहीत, कुठल्या बूथवर आपला माणूस नुसता कागदावर आहे, हे तुम्हाला कळतं आणि दुसऱ्या कुणाला फारसं कळत नाही. बैठकांसाठी मी सहा वर्षं दुचाकीवर जिल्हा फिरलो. एखाद्या दूरच्या तालुक्यातल्या कार्यकर्त्याच्या घरी रात्री जेवलेला माणूस आणि मेळाव्यात मंचावरून हात हलवणारा माणूस, या दोघांचं त्या गावातलं वजन वेगळं असतं. राष्ट्रीय नेत्याचं काम माझ्या समजुतीप्रमाणे याचंच मोठं रूप आहे. ज्या राज्यात आपली भाषा बोलत नाहीत, आपली जात कुणाला माहीत नाही, तिथल्या माणसांना आपलंसं करायचं. पुण्याचे मधु लिमये बिहारमधल्या मुंगेर आणि बांक्यातून लोकसभेवर गेले. घरच्या मतदारसंघात कितीही निवडणुका जिंकल्या तरी ही तयारी तिथे होत नाही.

पैशाचं थोडक्यात. निवडणुकीला पैसा लागतो. विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख ही आपल्याकडची खर्चाची अधिकृत मर्यादा आहे. प्रत्यक्षाबद्दल वाचणाऱ्याला मी वेगळं सांगायची गरज नाही. संघटनेत तेवढा लागत नाही, पण येतही काही नाही. पेट्रोल आपलं, चहा आपला. माझी पत्नी शिक्षिका आहे म्हणून घर चाललं. घरात दुसरी मिळकत नसेल तर आधी तिचा विचार करा, मग पदाचा.

इथपर्यंत दोन्ही पारडी साधारण सारखी आहेत. माझं मन ज्यामुळे वळलं ती गोष्ट ऐकायला किरकोळ आहे. ती म्हणजे एबी फॉर्म, पक्षाचं तिकीट मिळाल्याचा कागद.

नियम तुम्हाला माहीत असतील. ए फॉर्मवर पक्षातर्फे कुणाच्या सह्या ग्राह्य धरायच्या ते असतं, बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत दोन्ही निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर हवेत. सही शाईचीच लागते, शिक्का चालत नाही, फॅक्स चालत नाही. १९६८ च्या चिन्हांच्या आदेशात लोकसभा-विधानसभेसाठी हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि आमच्याकडे नगरपरिषदेलाही रीत तीच. म्हणजे तुम्ही पाच वर्षं काय केलं, किती गटारं बांधून घेतली, किती रात्री दवाखान्यात काढल्या, ते सगळं शेवटी एका पाकिटात मावतं, आणि ते पाकीट दुसऱ्याच्या हातात असतं.

२०११ मध्ये माझं पाकीट दोन वाजून चाळीस मिनिटांनी आलं. तहसीलच्या आवारात लिंबाखाली उभा होतो. गाडी फाटकातून आत आली तेव्हा हातपाय गार पडले होते. निवडून आलो आणि ते विसरलो.

२०१६ मध्ये आदल्या संध्याकाळपासून जिल्हा कार्यालयात बसून होतो. आम्ही तीस-चाळीस जण होतो, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. अकराला एकाने बाहेर येऊन सांगितलं, तुझं नक्की आहे. एकला दुसऱ्याने सांगितलं, सकाळी ये. सकाळी दोघांचेही फोन बंद. दुपारी मला कळलं ते वाजंत्रीमुळे. माझ्याच वॉर्डातून एकाची मिरवणूक अर्ज भरायला निघाली होती आणि त्याच्या गळ्यात आमच्या पक्षाचं उपरणं होतं. तो चार दिवसांपूर्वी पक्षात आला होता. तो निवडून येईल असा हिशेब कुणीतरी केला असेल, आणि तो हिशेब चुकीचाही नव्हता, कारण तो निवडून आला. पण मला एकाही माणसाने, त्या दिवशी किंवा नंतर, समोर बसवून कारण सांगितलं नाही.

तिकीट गेल्याचं दुःख दोन-तीन महिन्यांत ओसरलं. त्यानंतर जे लक्षात आलं ते मात्र आजही बोचतं. मागे वळून पाहिलं तर शेवटची दोन वर्षं मी गप्प होतो. कचऱ्याच्या ठेक्यात गोंधळ आहे हे मला कागदासकट माहीत होतं. पक्षाच्या बैठकीत विषय निघाला आणि मी बोललो नाही, कारण ज्यांच्या शिफारशीवर माझा फॉर्म ठरणार होता ते समोरच बसले होते. कुणी मला धमकावलं नव्हतं. मीच मनात हिशेब केला होता की एवढी निवडणूक होऊ दे, मग बोलू. निवडून येणाऱ्या माणसाला पुढची निवडणूक कायमच असते, त्यामुळे बोलायचा दिवस येतच नाही. फॉर्म मिळाला असता तरी हे खरंच राहिलं असतं, कदाचित जास्तच.

संघटनेत गेल्यावर पहिल्याच वर्षी सदस्य नोंदणीचा आढावा होता. आमच्या तालुक्याचा आकडा फुगवलेला होता. मतदार यादीतून नावं उतरवून काढली होती. मी बैठकीत उभं राहून ते सांगितलं. बोलणी बसली, दोन महिने जिल्हाध्यक्ष माझ्याशी बोलले नाहीत. पण पद राहिलं. राहिलं याचं कारण माझं मोठेपण अजिबात नाही. याद्या तपासायच्या, बूथ समित्या भरायच्या, रविवारी फिरायचं, या कामाला रांग लागलेली नसते. तिकिटाला चाळीस जण असतात, सरचिटणीसपदाला दोन. ज्या खुर्चीसाठी गर्दी नाही तिच्यावर बसून माणसाला थोडं मोकळं बोलता येतं. पुढे मोठं व्हायचं असेल तर ही सवय तरुणपणीच लागायला हवी, कारण पन्नाशीनंतर ती लागताना मी कुणाची पाहिलेली नाही.

राष्ट्रीय अध्यक्षपदाचा इतिहास वाचताना मला याच गोष्टीचं अप्रूप वाटतं. आचार्य कृपलानी १९४६ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि स्वातंत्र्य मिळून तीन महिने होतात तोच, नोव्हेंबर १९४७ मध्ये, त्यांनी पद सोडलं. सरकार पक्षाध्यक्षाला विश्वासात घेत नाही, ही त्यांची तक्रार होती. पंतप्रधान नेहरू, गृहमंत्री पटेल, आणि त्यांच्यापुढे हे बोलायचं! कामराज तर नऊ वर्षं मद्रासचे मुख्यमंत्री होते. पक्ष सावरायचा म्हणून २ ऑक्टोबर १९६३ ला त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं, पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि १९६४ व १९६६ मध्ये शास्त्रीजी आणि इंदिराजी पंतप्रधान झाल्या त्या निर्णयांत त्यांचाच हात मोठा होता. आमच्या जिल्ह्यात सभापतिपद सोडून संघटनेत आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

पण मी तुम्हाला अर्धंच चित्र दाखवणार नाही. त्याच कामराजांना १९६७ मध्ये विरुधुनगरमध्ये द्रमुकच्या एका विद्यार्थी नेत्याने हरवलं. त्याच निवडणुकीत मुंबईत स. का. पाटील जॉर्ज फर्नांडिसांकडून हरले आणि बंगालमध्ये अतुल्य घोष पडले. संघटनेवर घट्ट पकड असलेली तीन माणसं एका झटक्यात मतपेटीने बाजूला केली. दोन वर्षांनी पक्ष फुटला. अध्यक्ष निजलिंगप्पा होते, पक्षाची यंत्रणा बरीचशी त्यांच्या बाजूला होती आणि पंतप्रधानांना पक्षातून काढल्याचं पत्रही त्यांच्याच बाजूने निघालं. १९७१ च्या लोकसभेत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या आणि निजलिंगप्पांच्या बाजूच्या संघटना काँग्रेसला १६. नावातच संघटना असलेल्या पक्षाचं हे झालं.

आपल्या राज्यातलं तर ताजंच आहे. शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्यावर नाव आणि चिन्ह कुणाचं हे ठरवताना, २०२३ आणि २०२४ मध्ये, निवडणूक आयोगाने आमदार-खासदारांचं बहुमत कुणाकडे आहे यावर भर दिला. शाखाप्रमुख, तालुकाप्रमुख, त्यांची प्रतिज्ञापत्रं, यांनी निकाल फिरला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये व्हिप, म्हणजे सभागृहात पक्षादेश काढणारा प्रतोद, नेमायचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला आहे असं म्हटलं, तेव्हा आमच्यासारख्यांना जरा बरं वाटलं. पण अडचणीच्या वेळी डोकी मोजली जातात ती निवडून आलेल्यांची, हे मान्य केल्याशिवाय ही तुलना प्रामाणिक होणार नाही. ज्याच्या पक्षात फुटीची भीती आहे त्याने हा मुद्दा माझ्यापेक्षा जड धरावा.

आणखी एक. संघटनेतलं पदही नेमणुकीनेच मिळतं. एका पत्राने येतं, एका पत्राने जातं. काँग्रेसमध्ये २०२२ साली अध्यक्षपदासाठी खरी लढत झाली, खर्गेंना ७८९७ आणि शशी थरूर यांना १०७२ मतं पडली, तेव्हा माझ्यासारख्या दुसऱ्या पक्षातल्या माणसालाही ते पाहून आनंद झाला होता. तालुक्याच्या पातळीवर अशी मतमोजणी मी कधी अनुभवलेली नाही. तरी फरक एवढा की माझं पद गेलं तर उद्या मी साधा कार्यकर्ता म्हणून त्याच बैठकीत बसेन. तिकीट कापलेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या पक्षाच्या दारात दिसतो. दोष त्याचा नसतो, त्याला मागे यायला जागाच उरलेली नसते.

बाईमाणसाने विचारलं तर माझं उत्तर उलटं आहे, आणि हे मी आमच्या तालुक्यातल्या दोघींना सांगितलंय. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. संघटनेत मात्र अजून महिला आघाडी म्हणून एक खोली काढून दिलेली असते आणि मुख्य बैठकीत एक खुर्ची. विधानसभा-लोकसभेतल्या एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली आहे, जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ते लागू व्हायचंय. त्या दिवशी सभागृह चालवण्याचा अनुभव असलेल्या बायका प्रत्येक पक्षाला शोधाव्या लागतील. तेव्हा ताई, तुम्ही निवडणूक लढवा. पहिल्या दिवसापासून सही स्वतः करा, कागद स्वतः वाचा, आणि नवऱ्याला शेजारच्या खुर्चीत बसू देऊ नका.

बाकीच्यांना माझं मत असं. घरात राजकारण आहे, मतदारसंघ आधीच बांधलेला आहे, वडील किंवा काका अजून उभे आहेत, तर तिकीट मागा. तुम्हाला पाकिटाची वाट मी पाहिली तितकी पाहावी लागणार नाही. तसं काही मागे नसेल आणि वय तिशीच्या आत असेल, तर आधी आठ-दहा वर्षं संघटनेत काढून मग लढा, असं मी सुचवेन. दरम्यान एखादी लहान निवडणूक जरूर अंगावर घ्या, सोसायटीची, बाजार समितीची, मतं मागायची भीड जावी म्हणून. २०२२ नंतर आपल्याकडच्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक बसले होते. त्या काळात तिकिटाच्या आशेवर थांबलेल्या माझ्या ओळखीच्या मुलांची उमेदीची वर्षं नुसती वाट पाहण्यात गेली, आणि बूथवर काम करणाऱ्यांची गेली नाहीत. हा एका जिल्ह्यातला, एका पक्षातला अनुभव आहे. तुमच्याकडे वेगळं असू शकतं.

आता जिल्ह्यात पाकिटं पोचवायचं काम माझ्याकडे असतं. कुणाला द्यायचं हे मी ठरवत नाही, वरून येतं. मी एवढंच मागून घेतलंय की यादी आदल्या रात्री आठपर्यंत माझ्या हातात पडावी. मग ज्यांना फॉर्म मिळणार नाही त्यांना मी आधी फोन करतो, एकेकाला, स्वतः. गेल्या खेपेला अकरा होते. दोघांनी शिव्या दिल्या, एकजण रडला, एकाने विचारलं, कारण काय. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. सकाळी त्यांतले सहा जण प्रचाराला आले होते.